‘सेकंड शिफ्ट’चं बारसं

शिरीष आंब्रे दिसायचा तो फक्त कचऱ्याच्या दिवशी. टोकियोतल्या निशी-कसाईच्या त्या सात मजली इमारतीतल्या कुणाही मराठी बाईला विचारलं असतं, तर तिनं हेच सांगितलं असतं. सकाळी एका हातात जाळायला द्यायच्या कचऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात ऑफिसची बॅग, केस ओले, आणि चेहरा असा की याला झोपेतून नाही, दुखण्यातून उठवलंय. “काय शिरीष, कसं काय?” असं कुणी विचारलं की “चाललंय” म्हणायचा, कावळ्यांच्या भीतीनं टाकलेल्या जाळीखाली पिशवी सरकवायचा आणि स्टेशनकडे चालू लागायचा. परत यायचा तेव्हा विचारायला कुणी जागं नसायचं.

मुंबईच्या सीप्झमधल्या कंपनीनं २००० साली त्याला एका जपानी बँकेच्या कामावर पाठवलं, तेव्हा ‘वर्षभराचं काम आहे’ असं सांगितलं होतं. ते वर्षभराचं काम पाच वर्षं चाललं होतं आणि दर मार्चला ते अगदी संपत आलेलं असायचं. जुन्या सिस्टीममधली माहिती नव्या सिस्टीममध्ये न्यायची, नेली की तपासायची, तपासली की तपासल्याचा कागद करायचा आणि त्या कागदावर वरच्या मंडळींचे शिक्के घ्यायचे. साहेब उठेपर्यंत आपण उठायचं नाही, हा तिथला कुठेच न लिहिलेला नियम. आणि साहेब उठत नसे, कारण त्याच्या वरचा साहेब बसलेला असे. अशी ती बसलेल्या माणसांची उतरंड होती, आणि सगळ्यात खालच्या मडक्याचं नाव आंब्रे-सान.

घरी बायको सुलेखा आणि सात वर्षांची मैथिली. मैथिली जपानात आली तेव्हा जेमतेम बोलू लागली होती. आता मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायची. आठवड्याच्या शेवटी बाप उजेडात दिसला की त्याच्या तोंडाकडे निरखून बघायची आणि विचारायची, “पापा, त्सुकारेता?” म्हणजे दमलास का. तो “नाही गं” म्हणायचा आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपायचा. सुलेखा त्याच्या हातातला चहाचा कप काढून घ्यायची. पहिल्या वर्षी ती चिडायची, दुसऱ्या वर्षी रडली, नंतर तिनं कप काढून घ्यायला सुरुवात केली.

असा हा माणूस. याच्या आयुष्यावर कुणी काही लिहील असं कुणाला वाटलं नसतं, त्याला तर मुळीच नाही. पण एक गोष्ट मात्र होती. ‘सेकंड शिफ्ट’ या बँडचं नाव यानं ठेवलं होतं.

त्या वर्षांत ‘सेकंड शिफ्ट’ माहीत नाही असा मराठी पोरगा सापडणं कठीण होतं. पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीतून आलेली, मराठीत दणदणीत रॉक गाणारी पोरं. कॉलेजांचे महोत्सव झाले, टीव्ही झाला, मग दिल्ली-बंगलोर झालं, आणि पुढे परदेशातली मराठी मंडळंही त्यांना बोलवू लागली. निशी-कसाईतल्या घराघरांत त्यांच्या सीड्या होत्या. मंडळाच्या सहलीला बसमध्ये त्यांचीच गाणी लागायची आणि शिरीष खिडकीशी डोकं टेकून झोपायचा. एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही की या बँडमध्ये पहिली तीन वर्षं बेस गिटार मी वाजवली आहे. सांगून करायचं काय? ‘मग तुम्ही सोडला का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला.

पण नावाचं त्याला लागायचं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो इंटरनेटवर बँडचा गायक प्रताप याच्या मुलाखती वाचायचा. प्रत्येक मुलाखतीत पत्रकार विचारणारच, की हे नाव आलं कुठून? आणि प्रताप रंगवून सांगणार : हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर मी एकटा बसलो होतो, कारखान्याचा भोंगा वाजला, आणि माझ्या मनात आलं की जग घरी जातं तेव्हा कलावंताची पाळी सुरू होते! हे वाचलं की शिरीषचा डबा तसाच राहायचा. टपरी कसली आणि भोंगा कसला? प्रतापला तेव्हा नावात ‘थंडर’ हवं होतं. काहीही चालेल, पण थंडर हवं.

“नावच ते,” सुलेखा म्हणायची. “त्यात एवढं काय आहे?”

त्यात एवढं काय आहे, हे शिरीषनं तिलाही कधी धड सांगितलं नव्हतं. ते असं होतं.

शिरीषचे वडील रविकांत आंब्रे, म्हणजे आप्पा, आकुर्डीच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. घर म्हणजे चाळीतली एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. कारखान्यात पाळ्या आठवड्याला बदलायच्या : फर्स्ट, सेकंड, थर्ड. फर्स्टवाला दुपारी घरी येतो, थर्डवाला दिवसा झोपतो, आणि सेकंडवाला दुपारी जातो तो मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. सेकंड कुणालाच नको असते, कारण सेकंडवाल्याला संध्याकाळ नसते. पोरं शाळेतून यायच्या आत तो गेलेला, आणि तो येतो तेव्हा पोरं झोपलेली.

शिरीष कॉलेजात गेला त्या वर्षी आप्पा सेकंडला लागले ते लागलेच. आठवडे गेले, महिने गेले, पाळी बदलेना. शेजारच्या काकांनी शिरीषला जिन्यात गाठून सांगितलं, “तुझ्या बापाचं आणि घुले फोरमनचं वाजलंय म्हणतात. त्यानंच डांबलाय सेकंडला.” शिरीषनं आप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “कंपनीचं काय, चालायचंच.” आप्पा म्हणजे असेच, तोंडातून शब्द काढायला पान्हे लागायचे. शिरीषच्या मनात घुले फोरमन जो राक्षस होऊन बसला तो कायमचा.

आणि त्याच राक्षसाच्या कृपेनं संध्याकाळी खोली मोकळी असायची. प्रताप गिटार घेऊन यायचा, आणखी दोघं यायचे, गणपती मंडळाच्या स्पीकरवाल्याकडून ॲम्प्लिफायर यायचा. आई कानात कापूस घालून स्वयंपाकघरात बसायची आणि चाळीतली तक्रार आली की तिची ती निस्तरायची. तीन वर्षं रोज संध्याकाळी ती खोली दणाणत होती. पहिल्या कॉलेज महोत्सवात नाव नोंदवायची वेळ आली, प्रताप ‘थंडर’वर अडला होता, आणि शिरीष एकदम म्हणाला, “लिही, सेकंड शिफ्ट.” रागानं म्हणाला होता. बापाला झालेली शिक्षा चारचौघांत मोठ्यानं म्हणावीशी वाटली, म्हणून म्हणाला होता.

शेवटच्या वर्षाला एका रविवारी आप्पा जेवता जेवता झोपले. हात ताटातच होता. शिरीष समोर बसून बघत राहिला, आणि त्यानं ठरवलं की बास झालं. घरात दुसरा पगार आला की आप्पा घुलेच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकतील. परीक्षा होताच त्यानं मुंबईत मिळाली ती कॉम्प्युटरची नोकरी धरली. गिटार प्रतापला देऊन टाकली. प्रतापनं शिव्या दिल्या, मग रडला, मग दुसरा बेसवाला शोधला. आणि महिनाभरात आईचं पत्र आलं की आप्पांची पाळी पुन्हा बदलती झाली, या आठवड्यात फर्स्ट आहे. शिरीषला वाटलं, घाबरला घुले. कमावता मुलगा आहे म्हटल्यावर नांगी टाकली.

उभ्या आयुष्यात आपण एक काम खरं चांगलं केलं, असं शिरीषला वाटायचं, ते हेच. बाकी मग नोकऱ्या, सिस्टीमा, शिक्के. पुढे बँड मोठा झाला तेव्हा त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्या बदल्यात आप्पा सुटले होते. आणि त्या सगळ्याची खूण म्हणजे ते नाव. ते प्रताप टपरीवर नेऊन बसवत होता.

२००५ च्या फेब्रुवारीत आई गेली. उन्हाळ्यात शिरीषनं आप्पांना टोकियोला आणलं, व्हिसा मिळाला तेवढ्या दिवसांपुरतं. आप्पा सकाळी मैथिलीला शाळेपर्यंत सोडायचे, दुपारी बागेत बसायचे, संध्याकाळी सुलेखाला भाजी निवडून द्यायचे. मैथिली त्यांच्याशी जपानीत बोलायची आणि ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं छान चाललं होतं. शिरीष घरी उशिरा येतो याबद्दल ते काही बोलत नसत. फक्त एकदा सुलेखाला म्हणाले, “याचा फोरमन कोण आहे?”

आणि ऑगस्टात बातमी आली. सप्टेंबरअखेर योयोगी पार्कात भारतीयांचा मोठा मेळा भरतो, त्यात या वर्षी ‘सेकंड शिफ्ट’ गाणार. शिरीषनं दोन दिवस विचार केला आणि प्रतापला मेल टाकली. वाटलं होतं उत्तर येणार नाही. दुसऱ्याच दिवशी फोन आला.

“शिऱ्या! लेका जपानात आहेस तू? आणि आत्ता सांगतोस?”

शिरीषनं घसा साफ करून नावाचा विषय काढला. मनात भांडणाची तयारी होती. प्रताप हसत सुटला.

“अरे, मला खरंच आठवत नाही रे कुणी ठेवलं. पत्रकार विचारतात, काहीतरी सांगावं लागतं. तू ये ना स्टेजवर! ओरिजिनल बेसिस्ट, पब्लिकला जाम आवडतं असलं. तूच सांग खरी स्टोरी. माईक देतो तुला.”

इतकी वर्षं गिळलेला राग असा एका मिनिटात निकामी झाला की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. शिरीषला तसंच वाटलं. पण मग त्याच्या अंगात जरा जीव आला. तो बोलणार होता. आप्पा पुढे बसलेले असणार, आणि सगळ्यांच्या देखत तो सांगणार होता की हे नाव या माणसाच्या तीन वर्षांचं आहे. फोरमननं ज्याला डांबलं त्या माणसाचं. पंधरा वर्षांनी का होईना, घुलेचा हिशोब चुकता होणार होता.

नेमका त्याच आठवड्यात बँकेत चाचण्यांचा घोळ निघाला आणि रविवारीही कामावर यायचं ठरलं. शिरीष आपल्या वरच्या मोरी-सानकडे गेला आणि रविवारी येता येणार नाही म्हणाला. मोरी-साननं दातांमधून लांब श्वास ओढला, मान तिरकी केली आणि काहीच बोलला नाही. जपानात यालाच नाही म्हणतात. पण शिरीष पाच वर्षांत पहिल्यांदा तिथून हलला नाही. शेवटी मोरी-सान म्हणाला, “वडील आले आहेत ना तुमचे? मग जा.” त्याबद्दल शनिवार पूर्ण ऑफिसात गेला, आणि रविवारी सकाळी शिरीष गाडीत बसला तो तांबारलेल्या डोळ्यांनी.

तोझाई लाईनची गाडी रविवारी माणसांसारखी असते, बसायला जागा मिळते. समोरच्या बाकावर सुलेखा आणि मैथिली बसल्या, इकडे शिरीष आणि आप्पा. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बुटांना पॉलिश होतं. शिरीषला राहवेना. अचानक स्टेजवर ऐकलं तर म्हातारा बावरेल, आधी सांगावं, असं त्याला वाटलं. जपानी गाडीत कुणी बोलत नाही, म्हणून तो आप्पांच्या कानाशी वाकला आणि आपण काय बोलणार आहोत ते त्यानं हलक्या आवाजात सगळं सांगितलं. नाव कसं ठेवलं ते, आणि घुलेनं काय केलं ते.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “घुल्याचं नाव नको घेऊस तिथं.”

“का नको? तीन वर्षं डांबून ठेवलं त्यानं तुम्हाला!”

“शिझुका नी, पापा,” समोरून मैथिलीनं ओठांवर बोट ठेवलं. हळू.

“त्यानं नाही डांबलं,” आप्पा म्हणाले. “मी मागून घेतली होती सेकंड.”

शिरीषला वाटलं, म्हातारपणामुळे काहीतरी गल्लत होते आहे.

“अरे, सेकंड कुणाला नकोच असायची. ज्याची आली तो सगळ्यांकडं फिरायचा, माझी घ्या, माझी घ्या. मी म्हटलं, आणा इकडे. ज्याची सेकंड त्याची मी करायची, माझी फर्स्ट-थर्ड त्यानं करायची. बदल्याला फोरमनची सही लागते. घुले उलट म्हणाला, आंब्रे, येडा झालास का, पोराचं तोंड दिसायचं नाही तुला. दर आठवड्याला म्हणायचा, आणि सही करायचा. चांगला माणूस होता. गेला बिचारा गेल्या साली.”

“पण का?” शिरीषनं विचारलं.

“तुम्ही पोरं वाजवणार कुठं होतात?” आप्पा म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. “मी फर्स्टला असलो की दुपारपासून घरात. थर्डला असलो की झोपलेला. खोली एक. मी आलो की तू ते गिटार गप गादीखाली सारायचास. मी काही बोलायचो नाही, पण माझ्यासमोर तुझे हात चालायचे नाहीत. बघितलं होतं मी. मग म्हटलं, आपणच संध्याकाळचं घरात नसावं.”

“आईला माहीत होतं?”

“तीच म्हणाली, कुणाला सांगू नका. पोराला ओझं वाटेल, नीट वाजवायचा नाही.”

गाडी बोगद्यात शिरली. थोड्या वेळानं आप्पा आपणहून म्हणाले, “एकदा प्रेस बंद पडली, लवकर सोडलं आम्हाला. जिन्यापर्यंत आलो तर तुमचं चाललं होतं. मग मागं फिरलो, खाली मारुतीच्या पारावर बसून राहिलो संपेस्तोवर.”

“कसं वाटलं?”

“आवाज लई होता.” आप्पा जरा हसले. “पण बरं असणार. नाहीतर एवढी पोरं रोज कशाला आली असती?”

शिरीष समोरच्या काचेकडे बघत बसला. हळूहळू एकेक गोष्ट त्याच्या अंगावर येऊ लागली. तो मुंबईला गेला आणि महिनाभरात आप्पांची पाळी बदलती झाली, ती घुले घाबरला म्हणून नव्हे. वाजवणारा पोरगाच गेला. आता संध्याकाळी घर मोकळं ठेवून करायचं काय? म्हणून आप्पांनी बदल्या बंद केल्या. आप्पांना सोडवायला त्यानं गिटार टाकली, आणि आप्पा अडकलेलेच नव्हते. ज्यासाठी त्या माणसानं आपल्या मुलाचं तोंड बघायचं सोडलं, तेच मुलानं बापासाठी उचलून दुसऱ्याला देऊन टाकलं. दोघांपैकी एकानं एकदा जरी तोंड उघडलं असतं! शिरीषला स्वतःचा इतका राग आला, आप्पांचा आला, गेलेल्या आईचाही आला. आणि लगेच तो राग धरून ठेवायचंही त्राण उरलं नाही. समोर मैथिली सुलेखाच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. आपण रोज मध्यरात्री घरी येतो, त्यातून घरात कुणाला काय करायला मोकळीक मिळते, हे त्याला काही केल्या आठवेना.

ओतेमाचीला गाडी बदलायची होती. त्यानं आप्पांचा दंड धरला आणि जिना चढवला. आप्पा म्हणाले, “एवढं धरू नकोस, चालतो मी.”

योयोगी पार्कात जत्रा फुलली होती. तंदुरीचा धूर, सलवार-कमीज घालून हरखलेल्या जपानी मुली, कागदी ताटल्यांत छोले-भटुरे घेऊन गवतावर पसरलेली कुटुंबं. प्रतापला पोट सुटलं होतं आणि केस रंगवलेले होते. त्यानं शिरीषला घट्ट मिठी मारली आणि आप्पांच्या चक्क पाया पडला. “आप्पा, तुमच्या खोलीत आम्ही काय गोंधळ घालायचो हो!” आप्पा म्हणाले, “घालायचंच.” सुलेखानं त्यांना पुढच्या रांगेत बसवलं आणि हातात लिंबू सरबत दिलं.

गाणी सुरू व्हायच्या आधी प्रतापनं माईक घेतला. टपरी झाली, भोंगा झाला, कलावंताची पाळी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला, “पण आज आपल्यात आमचा पहिला बेसिस्ट आहे! तो म्हणतो स्टोरी वेगळी आहे. शिरीष, ये, खरं काय ते सांग बाबा!”

शिरीष वर गेला. निशी-कसाईची सगळी मंडळी तोंडाचा आ करून बघत होती. या कचऱ्याच्या पिशवीवाल्याला कुणी स्टेजवर पाहील असं वाटलं नव्हतं. महिनाभर घोकलेलं भाषण तोंडाशी होतं. आता तर त्याच्याजवळ त्याहून मोठी गोष्ट होती. ती सांगितली असती तर लोक रडले असते, आप्पांना उभं करून टाळ्या वाजवल्या असत्या. आणि मग कुणीतरी, बहुतेक प्रतापनंच, माईकवरच विचारलं असतं की अरे, मग तू सोडलंस कशाला? बापानं एवढं केलं, मग तू सोडलंस कशाला? त्याचं खरं उत्तर पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या कानावर पडायला नको होतं.

“प्रताप सांगतो तेच खरं आहे,” शिरीष माईकमध्ये म्हणाला. “नाव त्यानंच ठेवलं. मी होतो तेव्हा.”

टाळ्या पडल्या. प्रतापनं माईकवर हात ठेवून त्याच्या कानात विचारलं, “हो का रे? मला वाटलं तू म्हणालास की...” शिरीषनं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि खाली उतरला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जळला ते नाव त्यानं असं देऊन टाकलं, आणि नवल म्हणजे त्या घटकेला त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. नुसतं बसावंसं वाटत होतं.

तो आप्पांच्या शेजारी येऊन बसला. स्टेजवर पहिलं गाणं सुरू झालं आणि स्पीकरच्या भिंतीतून असा दणका आला की आप्पांच्या हातातलं सरबत हिंदकळलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग शिरीषच्या कानाला तोंड लावून त्यांनी ओरडून विचारलं :

“एक विचारू?”

“विचारा!”

“तू सोडलंस का रे हे?”

शिरीषनं त्यांच्याकडे पाहिलं. आप्पा स्टेजकडे बघत नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून ते त्याच्याकडेच बघत होते. पंधरा वर्षं हा प्रश्न त्यांनी पोटात ठेवला असणार.

“मला वाटायचं,” आप्पा ओरडले, “माझ्यापायी सोडलंस! ते रविवारी मी ताटावर झोपलो त्याच्यानंतर! तुझी आईपण तेच म्हणायची! जाईस्तोवर म्हणायची!”

कंटाळा आला म्हणून सोडलं, असं सांगता आलं असतं. पण मग त्यांची तीन वर्षं एका पोराच्या लहरीवर गेली असती. शिरीषला एवढंच सुचलं, आणि तो म्हणाला, “मला येत नव्हतं, आप्पा.”

आप्पांनी कानामागे हात धरला. ऐकू आलं नव्हतं. ड्रमवाला पेटला होता, पोरं नाचायला उठली होती, आणि शिरीषला क्षणभर वाटलं की आता खरं सांगावं, फक्त या एकाच माणसाला सांगावं, आणि मोकळं व्हावं. पण मग ते ओझं आप्पांच्या डोक्यावर बसलं असतं. तो वाकला, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि होता तेवढा आवाज लावून ओरडला :

“मला वाजवता येत नव्हतं! तीन वर्षं करून बघितलं! प्रतापच्या पासंगालाही पुरत नव्हतो मी!”

मागच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मैथिली सरबताची नळी तोंडात धरून त्याच्याकडे बघत राहिली. सुलेखानं तर मान खालीच घातली.

आप्पांनी कानामागचा हात खाली घेतला. मग त्यांच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. त्यांनी शिरीषच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोपटला, तो लहानपणी नापास होऊन आला होता तेव्हा थोपटला होता तसा.

“मग ठीक,” ते त्याच्या कानात ओरडले. “करून तर बघितलंस!”

शिरीष हो म्हणाला. आप्पा खुर्चीत मागे रेलले आणि स्टेजकडे तोंड करून गाणं ऐकू लागले.